कानवाल्यांनी सगळे आवाज बंद केले

कानवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावानं आता फक्त बँकेत हाक मारतात, आणि तीही त्यांना पटकन आपली वाटत नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं श्रवणयंत्रांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत काउंटर आणि बायको. आतल्या खोलीत जाड पडदे, एक गुबगुबीत खुर्ची, कॉम्प्युटर आणि स्वतः कानवाले. पूर्वी कानातलं मशीन ते बारीकशा स्क्रूड्रायव्हरनं जुळवायचे. आता मशीन वायरनं एका डबीला लावायचं, डबी कॉम्प्युटरला जोडायची, आणि ब्राउझरमध्ये कंपनीचं पान उघडून त्यावरच्या पट्ट्या वरखाली सरकवायच्या. हे सगळं एकमेकांशी कसं बोलतं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. चालतंय ना, मग चालू दे, हा त्यांचा बाणा.

अर्ध्या गावाला त्यांनी ऐकू आणून दिलं, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं होतं. सख्खी थोरली बहीणच कानानं पार अधू. आई लवकर गेली तेव्हा ताईनंच त्यांना न्हाऊमाखू घालून, वेळप्रसंगी चार धपाटे घालून वाढवलं. आता ती दुसऱ्या गावी लेकीकडे असते. तिनं तिथे दोन मशीनं घेऊन पाहिली. एक कानात शिट्ट्या मारायचं, दुसऱ्यात भांडी आपटल्याचा आवाज यायचा. दोन्ही कपाटात गेली. कानवाल्यांनी फार गळ घातली म्हणून ती या खेपेला आली, तीही अट घालून. "आज बघते. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि संध्याकाळच्या बसनं मी चालले."

ताईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कानवाल्यांना दुसरी संधी मिळणार नव्हती.

म्हणून त्यांनी जरा जास्तच काळजी घेतली. आदल्या आठवड्यात एका आजोबांच्या कानात मशीन जुळवताना कॉम्प्युटर अचानक टिंग करून वाजला होता. आजोबांनी दचकून मशीन उपटून फेकलं आणि कानवाल्यांच्या खानदानाचा उद्धार केला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कानवाल्यांनी खिडकी लावली, पंखा बंद केला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला, शेजारच्या न्हाव्याला रेडिओ बारीक करायला सांगितलं, बायकोचा फोन ड्रॉवरमध्ये टाकला. मग त्यांची नजर कॉम्प्युटरकडे वळली. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बारक्या बारक्या चिन्हांची एक रांग असते. ही मंडळी कोण, कुठली, कशाला बसलीत, देव जाणे. कानवाल्यांनी एकेकावर जाऊन 'बंद करा' म्हटलं आणि कोपरा झाडून लख्ख केला.

ताईला खुर्चीत बसवलं, दोन्ही कानांत मशीनं घातली, वायरी डबीला लावल्या. कंपनीचं पान उघडलं. पानावर ताईचं नाव आलं, वय आलं, सकाळी काढलेला कानांचा आलेखही आला. आणि त्याखाली लाल पट्टी: 'या कॉम्प्युटरवरची सहायक सेवा सापडली नाही.'

कानवाल्यांनी चष्मा पुसला. पट्टी तशीच होती.

"कसली सेवा?" ते स्वतःशीच म्हणाले. इंटरनेट चालू होतं. डबीवरचा दिवा लागलेला होता. पानाला ताईचं वय माहीत होतं, तिचा डावा कान उजव्यापेक्षा वाईट आहे हेही माहीत होतं, आणि नाकासमोरची डबी तेवढी दिसत नव्हती! त्यांनी वायर काढून पुन्हा लावली. दुसरी वायर आणली. पान बंद करून उघडलं. लाल पट्टी काही हलेना.

शेवटी कॉम्प्युटरच बंद करून चालू केला. तो चालू होताहोताच टिंग वाजला आणि कोपऱ्यातली मंडळी पुन्हा रांगेत येऊन बसली. "आलात का परत?" म्हणत कानवाल्यांनी त्यांना पुन्हा एकेक करून बाहेरचा रस्ता दाखवला आणि मोठ्या आशेनं पान उघडलं. पट्टी हजर.

"काय झालं रे?" ताईनं विचारलं.

"जोडलं जात नाहीये!" कानवाले ओरडले. "थांब जरा! बसून राहा!"

ताई अंग चोरून बसली. बायको पडद्याआडून डोकावली. "अहो, ओरडता काय त्यांच्यावर? चेहरा बघा त्यांचा."

"ओरडू नको तर काय करू? हळू बोललेलं तिला कळतं का?"

त्यांचंही खरंच होतं. ताईशी बोलायचं म्हणजे छाती भरून श्वास घ्यायचा आणि शब्द फेकायचा. 'जेवलीस का' हेसुद्धा गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचं. त्यात कपाळावर आठ्या चढतात, मानेच्या शिरा फुगतात, आणि मायेनं विचारलेलं खेकसल्यासारखं दिसतं. हे कानवाल्यांना कधी दिसलं नव्हतं, कारण ओरडणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसत नाही.

ताईनं पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. "राहू दे रे. माझ्यापायी कशाला जिवाला त्रास करून घेतोस? मला सवय झालीय आता. काढ हे कानातलं."

कानवाल्यांनी हातानंच 'पाच मिनिटं' अशी खूण केली, ड्रॉवरमधून बायकोचा फोन काढला आणि कंपनीला लावला. पलीकडे एक मुलगी होती. आवाजावरून विशीतली असावी. कानवाल्यांनी तिला लाल पट्टी वाचून दाखवली.

"काका, कॉम्प्युटर बंद-चालू करून पाहिलात?"

"पाहिला."

"तरी सेवा सापडत नाही? मग चालू झाल्यावर तुम्ही काय काय केलंत, ते जरा सांगा बरं. अगदी पहिल्यापासून."

"काय करणार? कोपऱ्यातली चिन्हं बंद केली, आणि पान उघडलं."

"कुठली चिन्हं, काका?"

"सगळी. आवाज नको म्हणून."

"त्यात एक निळं होतं? कानासारखं?"

होतं. कानवाल्यांना ते चांगलं आठवत होतं. सगळ्यात आधी त्यालाच घालवलं होतं.

"तीच ती सेवा!" मुलगी म्हणाली. "ती कधीच आवाज करत नाही हो."

"मग करते काय?"

"पान येतं आमच्याकडून, इंटरनेटवरून. पेशंटचं वय, आलेख, ते सगळं आमच्याकडेच असतं. पण पानाला तुमच्या टेबलावरच्या डबीला थेट हात लावता येत नाही. मधे ही सेवा लागते. पान तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये तिला हाक मारतं, आणि मग ती डबीशी बोलते."

"म्हणजे पान इतका वेळ हाका मारत होतं?"

"हो. आणि घरात कोणी नव्हतं."

कानवाले कोपऱ्याकडे बघत राहिले. जी कधी वाजली नाही, जिच्याकडे कधी लक्ष गेलं नाही, तिच्यावाचून सगळं अडलं होतं, आणि तिला हाकलणारे आपणच. असलं कसलं हे काम? त्यांच्या डोक्यात ते धड शिरलं नाही. मुलीनं सांगितलं तिथे शोधून त्यांनी निळं चिन्ह पुन्हा चालू केलं. ते कोपऱ्यात गुमान येऊन बसलं. पानावरची लाल पट्टी गेली, चित्रातला डावा कान हिरवा झाला, मग उजवा.

कानवाल्यांनी फोन ठेवला. ताई उठायच्या बेतात होती. त्यांनी खांद्याला धरून तिला बसवलं. एका बोटानं आवाजाची पट्टी हळूहळू वर सरकवली. ताईच्या मांडीवर पिशवी सळसळली आणि ती चमकली. तिनं पिशवीकडे पाहिलं, बोटांनी ती पुन्हा चुरगाळली, आणि मान तिरकी करून ऐकत राहिली.

कानवाल्यांना राहवलं नाही. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "ऐकू येतंय का?"

ताईनं दोन्ही हात कानांवर नेले. "अरे, हळू!"

"ताई," ते म्हणाले, पण या वेळी साध्या आवाजात. असं साधं तिच्याशी आपण शेवटचं कधी बोललो, ते त्यांना आठवेना.

ताई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. डोळे भरले तिचे.

"मग तू चिडलेला नव्हतास?" तिनं विचारलं.

"कधी?"

"एवढी वर्षं. तुझं तोंड बघून मला वाटायचं, मी आले की तुला राग येतो. म्हणून तर मी येणं कमी केलं."

कानवाले बिचारे आठवायला लागले, कुठल्या दिवाळीला, कुठल्या लग्नाला ती लवकर उठून निघून गेली होती. काहीच जुळेना. मोठ्यानं बोलावं तर पुन्हा तेच दिसणार, आणि हळू बोलायची सवय उरली नव्हती.

"नाही गं," ते कसेबसे म्हणाले.

"ऐकलं," ताई म्हणाली. "परत म्हण."