आबांची बातमी

१९३२ साल, मार्गशीर्षातला पहिला शनिवार, जळगाव. रक्कम तेवीस रुपये सहा आणे. हजर: सराफ, माझी सासू, माझी बायको आणि मी. विकले ते सासूच्या पायांतले चांदीचे तोडे आणि गळ्यातल्या पोतेतले सोन्याचे मणी. भाद्रपदात सासरे वारले तेव्हाच ते तिच्या अंगावरून उतरले होते. त्या पैशांत तिला मुलाला भेटायला जायचे होते. मुलगा कर्नाटकातल्या एका तुरुंगात होता, आणि बाप गेल्याचे त्याला माहीत नव्हते.

माझा मेहुणा दोंडाईच्याच्या बाजारात ताडीच्या दुकानापुढे पिकेटिंगला उभा राहिला म्हणून दीड वर्षाची सजा भोगत होता. सुरुवातीला त्याला धुळ्याला ठेवले होते. तेव्हा सासरे, म्हणजे घरातले आबा, भेटीच्या दिवशी पहाटे गावाहून बैलगाडी जुंपून निघत. बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा असे. भाकरी आत जाऊ देत नसत. ते दर वेळी नेत आणि दर वेळी परत आणत. एकदा भाकरीबरोबर निरोपही परत आणला, की मुलगा तिथे नाही. वरून हुकूम आला आणि त्याला दक्षिणेत हलवले. कुठे, हे आम्हाला कळायला आणखी दीड महिना गेला. तोवर आबांना ताप भरला होता. मुलाला पाहण्याची त्यांची पाळी पुन्हा आली नाही.

तिसऱ्या वर्गाच्या कैद्याला तीन महिन्यांतून एक पत्र आणि एक भेट मिळे. आबा गेल्यावर मी कार्ड लिहायला घेतले, तर सासूने माझा हात धरला.

"कागदवर नको, पाहुणा. तठे एकलाच वाची का तो? मी जासू, मी सांगसू."

मला ते पटले. असली बातमी त्याने भिंतीआड एकट्याने वाचावी, यापेक्षा उशीर बरा. मी अर्ज केला. उत्तर आले की आईला भेट मिळेल, वीस मिनिटे.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारची एक म्हातारी आली. तिने पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढली.

"तेवढी घडी कुंकू लाय, अक्का. हातमां दोन बांगड्या घाल. पोरगं एकदम पाहीसन बिचकी जाई."

"मन्हा पोरले मी खोटं तोंड दाखाडू का?" सासू म्हणाली. "पदर शे ना. नाकलगून ओढी लिसू. पहिलं सांगसू, मंग पदर काढसू."

एवढे तिने ठरवले होते. आधी शब्द, मग कपाळ.

मनमाड, दौंड, पुणे असे गाड्या बदलत आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलो. माझे भाडे मी माझ्या पगारातून काढले. मी आडत दुकानात हिशेब लिहीत असे आणि मालकाने पाच दिवसांची रजा बिनपगारी दिली होती. गाडीत सासू काही खात नव्हती. ओठ हलत होते. मी समजलो की देवाचे नाव घेते आहे. नीट ऐकले तेव्हा कळले, ती मुलाला काय सांगायचे ते घोकत होती: आबांना त्रास झाला नाही, शेवटी त्याचेच नाव काढले, म्हातारा झोपेत गेला. यातली दोन वाक्ये खोटी होती.

तुरुंगाच्या कचेरीत एक अधिकारी भेटी बघत असे. मराठी चांगली बोलायचा, थोडी कानडी वळणाची. कागद पाहून त्याने मला विचारले, "तुम्ही कोण?"

"जावई. कैद्याच्या बहिणीचा नवरा."

"जावई यादीत नाही. आई, बाप, बायको, मुलं, सख्खे भाऊबहीण. तुम्ही इथं बाकावर बसा. बोलायचं नाही."

बाकावरून आतली जाळी दिसत होती. सासू जाळीपुढे उभी राहिली, पदर नाकापर्यंत ओढलेला. पलीकडून मेहुण्याला आणले. अर्धी चड्डी, बिल्ला, डोक्यावर पिवळी टोपी. तो हसत आला.

"काय माय, माले पाहीसन घुंगट? मी तुना सासरा शे का?"

पदराआड ती हसली असावी, कारण खांदे हलले. "कसा शेस रे भाऊ? पोटभर जेवस का?"

"थांबा," अधिकारी म्हणाला. "बाई, मराठीत बोला."

तिने मान वळवली. "मंग मी काय विंग्रजी बोली ऱ्हायनू का?"

"ही कुठली भाषा आहे? गुजराती?"

मी उठलो. "साहेब, ही आमच्याकडची खानदेशी. मी एकेक वाक्य तुम्हाला मराठीत सांगत जातो."

"तुम्हाला बोलायचं नाही म्हणून सांगितलं ना? मला समजेल त्याच भाषेत बोलायचं, हा नियम आहे. पुन्हा बोललात तर भेट बंद. बाई, तुम्हीसुद्धा."

मी बसलो. मेहुणा चार इयत्ता शिकलेला. तो धडा वाचल्यासारखा मराठीत बोलू लागला. "आई, मी बरा आहे. इथे थंडी कमी आहे. बैल कसे आहेत? आबा का आले नाहीत? त्यांचे गुडघे दुखतात का?"

सासूने तोंड उघडले आणि मिटले. जन्मभर जी भाषा बोलली नाही, ती तिला जाळीपुढे कुठून येणार? बाजारात कानावर पडलेली मराठी तिला समजायची, पण जिभेवर नव्हती. अधिकाऱ्याने घड्याळ टेबलावर काढून ठेवले होते. वीस मिनिटांतली निम्मी अशी गेली. मुलगा विचारत होता आणि आई मान हलवत होती, कधी होय, कधी नाही, कशाला ते कोणाला कळत नव्हते.

"आबांना म्हणावं, काळजी करू नका," तो म्हणाला आणि डोके खाजवायला त्याने टोपी काढली.

डोके भादरलेले होते, गुळगुळीत. तेव्हाच माझ्याही लक्षात आले की मिशीही नव्हती.

आमच्याकडे बाप असताना मुलगा मिशी काढत नाही. डोके आणि मिशी एकदम उतरते ती एकाच दिवशी. सासूने ते पाहिले आणि मोठा श्वास सोडला. मी बाकावरून तो ऐकला. तिला वाटले, याला कळले आहे. कोणीतरी सांगितले, याने आतच सगळे केले, आणि आता आपल्यापुढे जे बोलतो आहे ते या साहेबासाठी. तिला सांगावे लागणार नव्हते. तिने दोन्ही हातांनी पदर मागे सारला आणि रडायला जाळीवर कपाळ टेकले.

मुलाने ते कपाळ पाहिले. मग तिचे हात पाहिले. हातातली टोपी खाली पडली.

"आबा?" तो म्हणाला. "माय, आबा कवय?"

"मराठीत," अधिकारी म्हणाला.

सासूने मान वर केली. मुलाच्या तोंडाकडे पाहिल्यावर तिला आपली चूक समजली. कधी, याचे उत्तर ती बोटांनी दाखवू लागली, महिने असतील. "खुणा नकोत," असे म्हणून अधिकाऱ्याने भेट थांबवली. मेहुणा आपणहून हलला नाही. दोघा शिपायांनी दंडाला धरून नेला. घड्याळात चार मिनिटे बाकी होती.

भेटीचा हक्क होता आणि तो कोणी नाकारला नव्हता. वहीत भेट झाल्याची नोंद झाली, तिच्याखाली सासूचा अंगठा घेतला. आजही ती नोंद तिथे असेल. वाचणाऱ्याला ती बरोबरच वाटेल.

बाहेर फाटकावर सासूने पहिला प्रश्न विचारला तो डोक्याचा. फाटकाबाहेर तिचे बोलणे मराठीत सांगायला मला कोणाची हरकत नव्हती. मी शिपायाला विचारले.

"सगळ्यांचीच भादरतात," तो म्हणाला. "दर रविवारी. मिशीसकट. उवा होतात ना."

सासूने पदर पुन्हा कपाळावर ओढला. मग म्हणाली, "ते उवासनं शे. बापनं नही. पाहुणा, इचार त्याले, बापना नावनं एकदाव फिरी भादरतीन का?"

शिपाई आधी हसला, मग हसू आवरून म्हणाला, "न्हाव्याला सांगतो. आजच सांगतो." आणि हात पुढे केला.

मेहुणा सुटून आल्यावर मी त्याला विचारले. त्या दिवशी वस्तरा घेऊन कोणी आले नव्हते. सासूला हे आम्ही दोघांनीही कधी सांगितले नाही.

परतीच्या भाड्याचे पैसे मी आधीच बाजूला ठेवले होते. तोडे-मण्यांच्या उरलेल्या पैशांतून तिने स्वतः मोजून दिले: एक रुपया, फाटकावरच्या शिपायाला.