तारा विझायची वाट

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका संस्थेत तात्पुरत्या जागेवर होते आणि फुटलेल्या ताऱ्यांचा प्रकाश मोजत होते. तारा फुटला, म्हणजे सुपरनोव्हा झाला, की काही दिवस झगझगीत दिसतो आणि मग महिनोन्‌महिने मंदावत जातो. तो किती वेगाने मंदावतो हे बघणं आमचं काम. ऐकायला थोर वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर डुगडुगत्या खुर्चीवर बसून दुर्बिणीच्या फोटोंमधून आकडे काढायचे आणि कँटीनच्या सांबाराला नावं ठेवायची.

माझ्या वाट्याला आलेला तारा भलत्याच जागी फुटला होता, एका दीर्घिकेच्या अगदी गाभ्याजवळ. तिथे अब्जावधी ताऱ्यांची दाटी, त्यामुळे याचा उजेड कुठला आणि बाकीच्यांचा कुठला, सांगणं मुश्कील. उपाय एकच, आणि तो किराणा दुकानातला. तुपाचा डबा तुपासकट तोलायचा, तूप संपलं की रिकामा डबा तोलायचा आणि वजाबाकी करायची. म्हणजे तारा पुरता विझू द्यायचा, त्याच्याशिवाय दीर्घिकेचा फोटो काढायचा आणि तो आधीच्या प्रत्येक फोटोतून वजा करायचा. त्याआधी केलेलं मोजमाप कच्चं.

तारा पुरता विझला नव्हता तोच उन्हाळा आला आणि दीर्घिका सूर्याच्या बाजूला गेली. आता ती हिवाळ्याच्या तोंडावर पहाटे दिसणार. कायम जागेच्या मुलाखती मात्र पावसाळ्यात. माझं वय मर्यादेला टेकलं होतं. ही जागा हुकली तर पुढची नव्हती. सूर्याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

आमच्या विभागाचे सर भला माणूस, पण व्यवहारी. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

“आहेत त्या आकड्यांवर शोधनिबंध पाठवून दे. समिती निबंध मोजते, वाचत बसत नाही.”

“सर, शेवटच्या आकड्यांत दीर्घिकेचा उजेड मिसळलाय.”

“थोडासा असेल. तळटीप टाक.”

“तळटीप टाकून चूक बरोबर होते का?”

हे मी इतक्या फणकाऱ्याने म्हटलं, की सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

नवरा यशवंतपूरच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचा. “साहेब, एवढं चालवून घ्या” म्हणत रोज कुणी ना कुणी त्याच्या मागे लागलेलं असायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नको पाठवूस. पण नंतर माझ्यावर चिडायचं नाही.” नंतर मी चिडले, भरपूर चिडले.

मुलाखतीत समितीतल्या एकांनी माझ्या निबंधांच्या यादीवरून नजर फिरवली. ती फिरवायला फार वेळ लागला नाही.

“इतक्या वर्षांत एवढेच?”

“आणखी एक व्हायचाय.”

“मग अडलंय कुठे?”

“तारा विझायची वाट बघतेय.”

कुणीतरी हसलं. मीही हसले, आणि हसता हसताच जागा गेल्याचं मला कळलं. जिला ती मिळाली ती मुलगी हुशार होती. तिचे तारे दीर्घिकांच्या कडेला, मोकळ्या जागी फुटले होते, त्याला ती तरी काय करणार! मी टेबल आवरलं आणि एका खाजगी क्लासमध्ये बारावीचं भौतिकशास्त्र शिकवू लागले.

हिवाळ्यात एका सकाळी खालून हाक आली. आम्ही बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरला एका दुकानाच्या वर भाड्याने राहत होतो आणि फोन मालकीणबाईंकडे होता. त्या मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या.

“अक्का, तुमच्या त्या आफिसातनं फोन हाय. स्वल्प बेगी या, लाइन कट होतंय!”

फोनवर सर होते. दुर्बिणीवरच्या स्वतःच्या वेळेतली एक पहाट त्यांनी माझ्या दीर्घिकेसाठी खर्ची घातली होती.

“फोटो मिळाला,” ते म्हणाले. “स्वच्छ आहे. तारा होता तिथे आता काहीच नाही. वजाबाकी मीच करून पाहिली. शेवटचे आकडे जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा पाठवला असता तर चुकीचं छापून आलं असतं.”

मग सर म्हणाले, “निबंधावर पहिलं नाव तुझंच राहील. नावाखाली संस्था कुठली घालू?”

मालकीणबाई समोर बसून घेवडा निवडत होत्या. क्लासचं नाव सांगायला जीभ रेटेना. मी घराचा पत्ता सांगितला, पहिला मजला, दुकानाच्या वर. सरांनी एकेक शब्द पुन्हा विचारून तो लिहून घेतला. जागा गेली तेव्हा मी रडले नव्हते. त्या सकाळी, दुसऱ्यांच्या घरात, फोन कानाला लावून उभ्या उभ्या रडले.