गुलाबाचं औषध आणि इस्त्रीची बाटली

त्या शुक्रवारी मी संसारात पहिल्यांदाच एखादी वस्तू जिथून घेतली तिथे परत ठेवली, आणि नेमकी तीच चूक झाली. वस्तू म्हणजे बायकोची फवाऱ्याची बाटली. इस्त्रीआधी कपड्यांवर पाणी मारायला ती वापरते ती. मी तिच्यात कीटकनाशक कालवलं, गच्चीवरच्या कुंड्यांमधल्या वांग्यांवर फसफस मारलं आणि उरलेल्या औषधासकट बाटली इस्त्रीशेजारी नेऊन उभी केली.

हे सगळं साडूमुळे झालं. म्हणजे त्यांनी काही केलं नाही. ते कधीच काही चुकीचं करत नाहीत, हीच माझी तक्रार आहे.

माझ्या बायकोचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी बोलतात, पण दर चौथा शब्द कन्नड. तिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान शहराबाहेर, होसकोट्याच्या पलीकडे शेती करतात. विकायला गुलाब, घरापुरती भाजी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्यापेक्षा मोठे लोकसुद्धा. दर रविवारी त्यांच्याकडून बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या घरी भाजीची टोपली येते आणि टोपलीत एक चिठ्ठी असते. अमुक भाजीवर अमुक औषध मारलं, अमुक तारखेला. मधले दिवस सोडून अमुक तारखेला काढली. बस, एवढंच. पण बायको ती चिठ्ठी हॉलमध्ये उभी राहून मोठ्यानं वाचते आणि मग फ्रिजवर लावते. लग्नाआधी मी पुण्याहून तिला पत्रं लिहायचो. त्यातलं एकही फ्रिजवर लागलं नाही.

‘अण्णांचं कसं सगळं लिहिलेलं असतं,’ ती म्हणते. मी महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात पोटासाठी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकंच लिहितो. दिवसभर लिहूनच असतो. पण ते घरात धरत नाहीत.

म्हणून मी वांगी लावली. आठ कुंड्या. येत्या रविवारी अक्का आणि अण्णा जेवायला येणार होते, आणि माझ्याच वांग्यांची भरली वांगी करायची असं मी जाहीर करून बसलो होतो. आणि नेमकी अळी पडली. फळाला बारीक भोक, आत तिचा संसार.

अण्णांना विचारणं सोपं होतं. एक फोन. पण ज्यांना दाखवायचं त्यांनाच विचारायचं, हे मला जमेना. मागे एकदा त्यांच्या शेतावर गेलो असताना ते गुलाबांच्या शेडमधून मास्क आणि हातमोजे घालून बाहेर आले होते आणि हातात एक बाटली होती. मी गुपचूप तिचा फोटो काढून ठेवला होता. तो घेऊन होसकोट्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं रीतसर विचारलं, पीक कोणतं, कीड कोणती. मी म्हटलं, अण्णा नेतात तेच द्या. त्यांचं नाव सांगताना माझीच छाती फुगली, हेही कबूल करतो. त्यानं बिल केलं, खोक्याबरोबर माहितीपत्रक दिलं. मी पत्रकाची घडी मोडली नाही. जगात कोणी माहितीपत्रक वाचत नाही म्हणून मी ऑफिसात आठवड्यातून दोनदा चिडतो.

शुक्रवारी मारलं. हाफ पँट, नाकाला रुमाल, तोंड वाऱ्याच्या दिशेला. शनिवारी वांगी तोडली, नळाखाली चोळून धुतली. रविवारी सकाळी ती दाण्याचं कूट, तीळ आणि गूळ पोटात घेऊन कढईत बसली. घरभर वास सुटला. अण्णा नि अक्का तासभर आधीच आले. अण्णा सोफ्यावर बसून म्हणाले, आज टोपली आणली आहे, पण वांगी मुद्दाम आणली नाहीत. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना दुसऱ्यांदा पाणी दिलं.

तेवढ्यात आतल्या खोलीत इस्त्रीचा दिवा लागलेला दिसला. सकाळपासून स्वयंपाकात असलेल्या बायकोनं आत्ता कुठे साडी पसरली होती. तिनं बाटली उचलली, बोट खटक्यावर ठेवलं.

“थांब,” मी म्हटलं. “त्यात पाणी नाहीये.”

मला अजून गप्प बसता आलं असतं, निदान वांग्यांबद्दल. बाटलीबद्दल काहीतरी थाप मारता आली असती. पण ओट्यावर ताटं मांडलेली दिसत होती आणि अक्का कढईवरचं झाकण उघडून चव बघायला चमचा शोधत होत्या. मग मी सगळं सांगितलं. उभ्यानंच, शुक्रवारपासून.

अण्णा हसले नाहीत. हसले असते तर मला त्यांचा राग करता आला असता. आधी बायकोला आणि मला साबणानं हात धुवायला लावले, मग खोकं मागितलं, चष्मा लावला नि पत्रकाची घडी मोडली. बराच वेळ वाचलं.

“हे गुलाबाचं,” ते म्हणाले. “पिकांच्या यादीत वांगं नाही. यादीत नाही त्यावर मारायचं नाही, कायदाच आहे तसा. आणि वांग्याला किती दिवस थांबायचं हे यात लिहिलेलंच नाही. म्हणजे आज नाही, उद्याही नाही.”

मग मला बरं वाटावं म्हणून बहुतेक, म्हणाले, “आणि हे पानांवरच्या लाल कोळी किडीचं औषध आहे. अळीला यानं स्वल्पसुद्धा काही होत नाही.”

म्हणजे या सगळ्यात खात्रीनं सुखरूप फक्त कुंड्यांमधल्या अळ्याच होत्या.

अक्का म्हणाल्या, टाकायच्याऐवजी गल्लीतल्या गायीला घालूया का. आमच्याकडे उरलेलं तिलाच जातं. अण्णांनी नाही अशी मान हलवली. वांगी पिशवीत बांधून कचऱ्यात गेली. इस्त्रीची बाटली तशीच त्यांच्या गाडीत गेली, धुऊन भोक पाडून टाकीन म्हणाले, नाहीतर कोणीतरी परत पाणी भरेल. राहिलेलं औषधही मूळ खोक्यासकट त्यांनी नेलं, गुलाबाला लागतंच म्हणून. माझं औषधसुद्धा शेवटी त्यांच्याच शेतावर गेलं.

दहीभात आणि टोपलीतल्या गवारीवर आम्ही जेवलो. जेवताना अण्णांनी चिठ्ठीची गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी सकाळी भाजीवर औषध मारलं आणि कोणाला सांगितलं नाही. दुपारी अक्कांनी त्याच वाफ्यातली भाजी खुडली. हातभर पुरळ, चक्कर, दवाखाना. तेव्हापासून चिठ्ठी, औषधाच्या कपाटाला कुलूप. अक्का मान खाली घालून गवार वाढत राहिल्या. मी इतकी वर्षं जिला ऐट समजत होतो ती भीती होती. तरी खरं सांगायचं तर मनात आलं, या माणसाची चूकसुद्धा माझ्या चुकीपेक्षा वजनदार.

पुढच्या शनिवारी मी अण्णांना फोन केला आणि अळीचं विचारलं. ते म्हणाले, पोखरलेले शेंडे नि फळं रोज तोडून टाका, आठच तर कुंड्या आहेत. तसं केलं. महिन्याभरानं पाच चांगली वांगी निघाली. मी कागदावर लिहिलं: औषध नाही, अळी हातानं काढली, आज तोडली. तो कागद वांग्यांवर ठेवला आणि पेपर वाचत असल्यासारखा बसलो.

बायकोनं कागद उचलला. मोठ्यानं वाचला नाही, मनातच वाचला, दोनदा. फ्रिजवर अण्णांच्या चिठ्ठीशेजारी लावला, मागे सरून दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाली, “अक्षर मात्र तुमचं बरं आहे हं. आता मला नवी बाटली आणा, आणि तिच्यावर याच अक्षरात ‘पाणी’ लिहा.”