लाकडी तलवार आणि भाताचं पातेलं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. आज शेजारच्या घरातून व्हिनेगरमध्ये शिजणाऱ्या लसणाचा वास आला आणि खिडकी उघडी असूनही मला घुसमटल्यासारखं झालं. तीन वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरात दर शुक्रवारी हाच वास दरवळत असे. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला. शाळा सुटल्यावर आमच्या आठ वर्षांच्या मुलीला एक फिलिपिनो बाई सांभाळत. मुलगी त्यांना 'तिता' म्हणे. त्यांच्याकडे मावशीला तसंच म्हणतात. तितांचा एक नियम होता. या देशात दाराला धक्का लागला तरी माणसं 'सॉरी' म्हणतात. तितांना नुसतं सॉरी चालत नसे. "कशाबद्दल? पूर्ण वाक्यात सांग," त्या म्हणत, आणि दूध सांडलेली माझी लेक मुकाट्यानं पूर्ण वाक्य बोले. मला हसू येई. ही शिस्त त्यांच्यात कुठून आली, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

त्या वर्षी शाळेत मुलांनी इतिहासातली एखादी स्त्री होऊन यायचं ठरलं. एका संध्याकाळी घरी आलो तर ओट्याजवळ लेक उभी: अंगात तितांनी शिवलेला तपकिरी घागरा, केसांना पावडर, हातात भाताचं पातेलं. तिता तिला सांगत होत्या. फिलिपिन्समधल्या छोट्याशा दुकानाची एक मालकीण, जिनं स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या जखमी पोरांना घरात घेतलं, जेवू घातलं, मलमपट्टी केली. ऐंशी ओलांडलेल्या त्या म्हातारीला साम्राज्य इतकं घाबरलं, की तिला बोटीत घालून दूरच्या बेटावर नेऊन टाकलं. नवरा मारला गेल्यावर स्वतः फौज चालवणारी आणि फासावर गेलेली एक विधवा. पाद्र्यांचा विरोध असताना शाळा मागायला थेट गव्हर्नरकडे अर्ज घेऊन गेलेल्या वीस तरुणी. लेक भान हरपून ऐकत होती.

आणि मला राग आला. मी पुण्याहून शिवलेली नऊवारी आणि लाकडी तलवार मागवून ठेवली होती. "आपल्याकडे राण्या कमी पडल्या का?" मी लेकीवर मराठीत डाफरलो. मग तितांकडे वळून, त्यांना नीट कळावं म्हणून, सावकाश इंग्रजीत म्हणालो, "इतिहास मी शिकवेन. तुम्ही तिच्या जेवणाचं बघा."

"यस, सर," त्या म्हणाल्या. घागऱ्याची घडी केली. गॅस बारीक केला.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेतल्या बुटक्या खुर्चीवर मी गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. तू कोण, असं वर्गाच्या बाईंनी विचारलं तेव्हा नऊवारीतली लेक म्हणाली, "अ क्वीन. माय डॅड पिक्ड हर." मग तलवार टेबलावर ठेवून तिनं त्या दुकानवाल्या म्हातारीची गोष्ट सांगितली, कुठेही न अडखळता. "माझी आजीसुद्धा इंग्रजांपासून लपून बसलेल्या पोरांना बटाटे उकडून घालायची," माझ्या शेजारचे आयरिश आजोबा डोळे पुसत पुटपुटले. तुला हे कुणी शिकवलं, असं बाईंनी विचारलं. "माय तिता. शी वॉज अ हिस्टरी टीचर अ‍ॅट होम."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. दोन वर्षं त्या माझ्या घरात होत्या. मी त्यांना सुट्ट्या विचारल्या, इस्त्रीचं विचारलं, भातात मीठ कमी घाला म्हणालो. आधी काय करत होतात, एवढं विचारणं मला सुचलं नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात आम्ही तावातावानं बोलतो, की इथली माणसं आपलं नाव धड घेत नाहीत, सगळ्यांना एकाच मापानं मोजतात; आणि घरी येऊन 'आमची फिलिपिनो' म्हणतो. मीही म्हणायचो. साम्राज्यं बुडाली म्हणतात. त्यांचा आवाज माझ्याच ओट्यापाशी, माझ्याच तोंडून निघाला होता. तो स्वतःवरचा राग अजून उतरलेला नाही. उतरू नये असंच वाटतं.

त्या संध्याकाळी तिता लसूण सोलत होत्या. "सॉरी," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "कशाबद्दल, सर?"

दारात दप्तर घेऊन लेक उभी होती. एरवी आमच्या मराठीला इंग्रजीतच उत्तर देणारी ती, चक्क मराठीत म्हणाली, "पूर्ण वाक्य, बाबा."

मी ओट्यापाशी जाऊन तितांसमोर उभा राहिलो.

"तुम्ही शिक्षिका आहात, हे मी कधी जाणूनच घेतलं नाही, आणि माझ्या मुलीला तुम्ही शिकवत असताना, तिच्यासमोर, मी तुम्हाला गप्प बसवलं. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो."