सासूबाईंचे दोन हात

सासूबाईंच्या हातांची कातडी आवळत चालली होती. थंडीत बोटं पांढरी पडत, मूठ मिटेना, पोळीचा तुकडा मोडेना. डॉक्टर म्हणाले, शरीरच स्वतःच्या कातडीवर उलटलंय, हमखास औषध नाही. हात उबेत ठेवा, हे मलम लावा. मी त्याच दिवशी वही केली. गोळ्या, मलम, गरम पाणी, सगळ्याच्या वेळा. दर रविवारी त्यांना मूठ मिटायला सांगून मधल्या बोटाच्या टोकापासून तळव्यापर्यंत उरलेलं अंतर दोऱ्याने मोजायची; दोरा जितका आखूड, तितका हात बरा.

धाकट्या जावेचं माहेर इगतपुरीकडचं. तिच्या आईने भाताच्या बांधावरचा कारिवणा, गोल पानांची ओलीत पसरणारी वेल, वाटून खोबरेल तेलात उकळला आणि बाटली पाठवली.

"मोजूनच बघू," मी म्हटलं. "डावा हात तुझ्या तेलाचा, उजवा माझ्या मलमाचा."

"हातांच्याही वाटण्या केल्यात का गं?" सासूबाई म्हणाल्या. "अजून जिवंत आहे मी."

तीन महिन्यांत डाव्याचा दोरा बोटभर आखूड झाला. उजव्याचा जिथल्या तिथे. आल्यागेल्याला सासूबाई डावा हात दाखवायच्या, "धाकटीचा गुण." मी चहा टाकायच्या निमित्ताने आत जायची. वहीत आकडा खराच लिहिला, पण पेन्सिलीने.

पावसाळ्यात जाऊ भाताच्या लावणीला माहेरी गेली आणि डावा हातही माझ्याकडे आला. दोन मिनिटांत तेल लावून मी बाटलीला बूच बसवलं.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं की."

"ती अर्धा तास चोळते. एकेक बोट ओढून, मूठ मिटवून, उघडून. शिवाय गप्पा."

मी वही उघडली. किती वेळ चोळलं, याचा रकानाच नव्हता. गुण पाल्याचा की चोळण्याचा, आता कोण सांगणार? चूक माझीच, तरी मला जरा बरं वाटलं.

त्या दिवसापासून तेल असो की मलम, दोन्ही हातांना अर्धा अर्धा तास. गप्पा मला जमत नाहीत, म्हणून भाजीचे भाव सांगायची. तिसऱ्या रविवारी उजव्याचा दोराही किंचित आखूड भरला. मी सासूबाईंना दाखवला.

"धाकटी कधी येतेय?" त्या म्हणाल्या.

आठ-दहा दिवसांत निघते, असं तिचं कार्ड आलेलं होतं. मी उलट टपाली लिहिलं, लावणी पुरी करूनच ये, इकडे सगळं नीट चाललंय. मग खाली एक ओळ वाढवली: तेलाची नवी बाटली मात्र एसटीच्या कंडक्टरबरोबर लगेच पाठव.