धान जागवणारी टुरी

राजकुमारी रहांगडाले हैदराबादला नेमकं काय करते, हे सालेकसा तालुक्यातल्या तिच्या गावात कोणालाही धड सांगता यायचं नाही. तिच्या वडिलांना, झामसिंगना, तर नाहीच नाही. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं की ते म्हणायचे, "माही टुरी रातच्यान दिवे लावून धानाले जागवते. सरकार तिले त्याचा पगार देते." यावर कोणीतरी हमखास म्हणायचं, "आमाले तं ढेकनं फुकटात जागवतात, भाऊ!" मग हशा.

गंमत अशी, की झामसिंग काही चुकीचं सांगत नव्हते. जुना, भारी म्हणजे उशिरा येणारा धान रात्र मोजतो. पावसाळा सरला, रात्री लांबू लागल्या की त्याच्या पानातला एक जनुक कामाला लागतो. त्याच्या सांगण्यावरून पानात एक प्रथिन तयार होतं, ते खोडातून वर शेंड्याला जातं आणि तिथल्या पेशींना कळवतं की पानं पुरे झाली, आता लोंब करा. हा निरोप पोचेपर्यंत शेंडा आपला पानामागून पान काढत बसतो. आणि रात्रीच्या मधोमध उजेड पडला, तर निरोप निघतच नाही. का निघत नाही, त्या जनुकाला कोण गप्प करतं, हे शोधण्यात राजकुमारीची चार-पाच वर्षं गेली होती. एकदा तर तिच्या धान संशोधन संस्थेचा चौकीदार मांजर शोधायला म्हणून बॅटरी घेऊन तिच्या काळोख्या खोलीत शिरला आणि तिचा अख्खा हंगाम पाण्यात गेला. ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. असलं दुःख घरी फोनवर सांगायची सोय नसते.

सांगायचंच तर मायला सांगायची. मायला त्यातलं काही समजत नसे, पण ती ऐकून घ्यायची. ती माय २००७च्या पावसाळ्यात गेली. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून तिन्हीसांजेला शेतातून परतताना पाय सापावर पडला. सोबत नंदाबाई होती, बौद्ध मोहल्ल्यातली विधवा, पाळीखालच्या बांधीची, म्हणजे धानाच्या तुकड्याची, मालकीण. तिनेच आरडाओरडा करून माणसं जमवली, मायला खाटेवर घातलं. पण दवाखाना लांब होता. राजकुमारी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर झामसिंगनी एकच ध्यास घेतला. ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून, सरपंचाला नको नको करून सोडून, त्यांनी पाळीवर विजेचा खांब रोवून घेतला. वर मोठा पिवळा दिवा. उन्हाळ्यात तो लागला. रोज दिवेलागणीला झामसिंग स्वतः जाऊन बटन दाबायचे, सकाळी जाऊन बंद करायचे. बाकी घरात काय चाललंय याची त्यांना शुद्ध नसायची, पण हे चुकायचं नाही.

पुढल्या दसऱ्याला राजकुमारी घरी आली, तेव्हा गावात नंदाबाईच्या बांधीची चर्चा होती. सगळ्यांचा भारी धान लोंबा काढून निसवला होता, तिचा अर्धाअधिक नुसता हिरवागार उभा. बी-बियाण्याच्या दुकानवाल्या गुलाबचंदनं निकाल देऊन टाकला होता, "बियानं बाद झालं. पुढच्या साली मेरे पास से ले जाना." झामसिंगनीही मान डोलावली. "किती सांगतलं तिले, घरचं बियानं ठेवू नोको. आमचा हलका धान पाय, कापून बी झाला."

राजकुमारी बांधीवर गेली. पलीकडच्या धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेला, लोंबा बाहेर आल्या होत्या. अलीकडे मात्र एकही नाही. तिथला धान काळपट हिरवा, चांगला कमरेएवढा, आणि तो न निसवलेला भाग चक्क अर्धगोल होता. तिनं मान वर केली. खांब पाळीवर, त्या अर्धगोलाच्या बरोबर मध्यावर उभा होता.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला? हैदराबादेत कुंड्यांमध्ये जे घडवायला जीव काढावा लागतो, ते इथं उघड्या रानात आपसूक घडलं होतं. मग तिची नजर खांबाच्या बुडाशी गेली. माय तिथंच पडली होती. राजकुमारीला स्वतःची अशी लाज वाटली, की ती धुऱ्यावर बसूनच राहिली.

नंदाबाई खुरपं घेऊन आली, तेव्हा तिनं तिला सगळं सांगितलं. बियाण्यात खोट नाही. दिव्यामुळं धानाला रात्रच होत नाही. आजपासून दिवा बंद झाला आणि बोडीचं पाणी पुरलं, तर महिन्याभरात लोंब येऊ शकेल. आणखी उशीर झाला तर मग थंडीत दाणा भरायचा नाही.

नंदाबाईनं धानावरून हात फिरवला. वर्षभराचं खाणं होतं ते तिचं.

"तुह्या बाबूजीले सांगू नोको," ती म्हणाली. "मानूस त्या दिव्यापायी उठून राहिला, बसून राहिला. माहं मी पायतो. दुसऱ्याच्या वावरात रोजीनं जाईन."

राजकुमारीला ती दुपार जड गेली. न सांगावं तर एका बाईच्या तोंडचा घास जातो, आणि तीच बाई मायजवळ शेवटी होती. सांगावं तर वडिलांच्या हातात उरलेलं एकमेव काम आपण काढून घेतो. जेवताना तिनं सांगितलं.

झामसिंगनी ताट सरकवलं. "तुह्या मायच्या नावाचा दिवा हाय तो! तिकडं हैदराबादले विझव काय विझवाचे ते. इथं शिकवाले आली का मले?"

संध्याकाळी ते पाळीकडे निघाले, तशी ती मागोमाग गेली. ते बटनाच्या डब्यापाशी थांबले. झाकण उघडलं आणि पहिल्यांदाच खाली बांधीकडे नीट पाहिलं. तो अर्धगोल त्यांनाही दिसला असणार.

"बंद केला तं येईनच लोंब?"

"बहुतेक येईल."

"बहुतेक?"

"शेतात कधी करून पाहिलं नाही, बाबूजी. कुंडीत येते."

त्यांनी हात डब्यात घातला. "नंदाबाईले मालूम हाय?"

"सांगितलं मी."

"मंग ते काऊन नाही आली माह्याकडं भांडाले?"

"म्हणाली, तुमाले सांगू नोको."

झामसिंगांचा हात डब्यातच होता. मग त्यांनी तो बाहेर काढला, झाकण लावलं आणि धोतरानं डोळे पुसले. त्या संध्याकाळी पाळीवर अंधार झाला.

अंधार झाल्यावर बायका शेतातून परतू लागल्या. झामसिंग घरी जाऊन बॅटरी घेऊन आले, आणि एकेकीच्या पुढं चालत पाळ ओलांडून द्यायला लागले. "उजेड पायापाशीच ठेवा, धानावर पडू देऊ नका," राजकुमारीनं बजावलं. सगळ्यांत शेवटी नंदाबाई आली. ती चपापली. "तुमी कायले आले, भाऊ? मी जातो नं."

"दिवा बंद केला," झामसिंग म्हणाले, "मंग त्याचं काम कोन करन?"

राजकुमारी कोजागिरीपर्यंत राहिली आणि परत गेली. नोव्हेंबरात एका सकाळी बाबूजींचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "निसवला." ती प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होती. तिचे शोधनिबंध छापून आले होते तेव्हाही तिला एवढा आनंद झाला नव्हता. पाच-सहा वेळा तिनं तेच विचारलं. खांबाखाली आला का? सगळीकडे आला का? बाबूजींनी सगळं सांगितलं. दाणा जरा बारीक भरेल, पण खायला पुरेल.

मग तिला आठवलं. "बाबूजी, आता दिवा लावला तरी चालेल. लोंब बाहेर आल्यावर उजेडानं धानाचं काही बिघडत नाही. आजपासून लावा."

"राहू दे, बेटी," बाबूजी म्हणाले. "तुही माय अन् नंदाबाई वीस वर्सं त्या पाळीनं संगं येत-जात होत्या. घरी माह्यासंगं तं तुही माय जास्त बोले नाही. आता मी पुढं चालतो अन् नंदाबाई मागून आठवनी सांगत येते. रोज तुह्या मायची एक नवी गोठ निंगते."