देवीनं दहावी मागितली

"धरा तिला, डोस्कं आपटंल फरशीवर!" आई ओरडत होती आणि मी आपटत होते. बेतानंच. मोकळे केस असे गरगरा फिरवत होते, की पोह्यांवरची कोथिंबीर उडून समोरच्या नवरदेवाच्या मिशीत अडकली. डोळे पांढरे केले होते, पण फटीतून सगळं दिसत होतं.

मी नववीत होते. उत्रोलीहून रोज भोरला शाळेत जायचे. वाटेवर टवाळ पोरं उभी राहतात, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार, म्हणून वडिलांनी गुंजवण्याचं स्थळ पक्कं केलं आणि त्या दिवशी घरातच साखरपुडा ठेवला. मला दहावी करायची होती. रडून झालं होतं, उपाशी राहून झालं होतं. उरलं होतं ते अंगात येणं. आमच्याकडं बाईच्या अंगात आलं की तिचा सासरासुद्धा हात जोडून ऐकतो. मला वाटलं, बापही ऐकेल.

घुमले म्हणजे अशी घुमले, की तिकडं धरणाचं पाणी हललं असेल. निम्मे पाहुणे उंबऱ्याबाहेर गेले. एक जण तर पाहुण्यांच्या टेम्पोत जाऊन काच वर करून बसला. नवरदेवाची आत्या तेवढी जागची हलली नाही. पदर सावरत ती पुढं आली, माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि देवीला विचारतात तसं विचारलं, "काय पायजे आई तुला? बोल."

मी घोगऱ्या आवाजात गरजले, "पोरीची दहावी होऊ द्या."

आत्यानं माझ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं.

"पावणं, देवी साडीचोळी मागती, ओटी मागती, न्हाईतर कोंबडं मागती. दहावीचं काय करनार ती?"

पाहुणे हसले. टेम्पोतलाही खाली उतरला.

"पोरगी हुशार हाय," आत्या वडिलांना म्हणाली. "आमाला पसंत हाय. पर मांडव घालत बसला तर कुनीतरी फोन करून पोलीस आनंल. आजच लगीन उरकून घ्या."

साखरपुड्याची साडी तीच लग्नाची झाली. डब्यातल्या तांदळाला हळद चोळून अक्षता केल्या. तेव्हा मी खरंखुरं ओरडले, हातपाय झाडले, डोकं आपटलं, बेत न बघता. कुणी धरायलासुद्धा आलं नाही. परत सोंग, म्हणाले.

निघताना आई माझी ओटी भरत होती. मी हळूच विचारलं, "आये, तुला तरी खरं वाटलं हुतं का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. "म्याबी केल्तं."